ॲप्रन चढवण्याआधी आणि नंतर: आरोग्यक्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली. निकाल लागले की फोन सुरू होतात. मुलांचे कमी, आईवडिलांचे जास्त. "मॅडम, तिला जरा हॉस्पिटलचा अनुभव मिळेल असं बघा ना." दरवर्षी तेच प्रश्न, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी नर्सिंगची, त्यामुळे पारडं थोडं तिकडे झुकेल. पण वॉर्ड सगळ्यांचा एकच असतो.

नीट देतोय. हॉस्पिटलमध्ये काही महिने काम केलं तर ॲडमिशनला उपयोग होतो का?

नाही. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, सगळ्यांचं दार ७२० मार्कांच्या त्या एकाच पेपरातून उघडतं, आणि सुट्टीत तुम्ही कुठे काम केलंत हे तिथे कुणी विचारत नाही. बीएस्सी नर्सिंगला राज्याची सीईटी आहे, तिथेही तेच. अमेरिकेतल्या चुलतभावाने 'शॅडोइंगचे तास' (डॉक्टरांच्या मागे राहून त्यांचं काम बघणं) वगैरे सांगितलं असेल तर ते तिथलं गणित. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

उपयोग होतो तो स्वतःला ओळखायला. रक्ताची भीती जाते, वासाचीही सवय होते. पण दुखण्याने किरकिरणाऱ्या माणसाचा ज्याला कंटाळा येतो त्याचा तो सहसा जात नाही. हे नीटसाठी दोन वर्षं रिपीट करण्याआधी कळलेलं बरं.

मग अकरावी-बारावीत करायचं तरी काय?

घरापासून सुरुवात करा. आजोबांना शुगर-बीपी असेल तर महिनाभर त्यांच्या गोळ्या तुमच्याकडे घ्या. उपाशीपोटीची कोणती, जेवणानंतरची कोणती, कोणती संपत आली, कोणती ते गुपचूप टाळतात. एका माणसाला रोज पाच गोळ्या वेळेवर देणं किती जिकिरीचं असतं हे कळलं, की पुढे पेशंटवर "औषध का नाही घेतलंत?" म्हणून आवाज चढत नाही.

गावाकडे असाल तर लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर जाऊन बसा. साधारण पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र असतं, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांना. नर्सबाईंना आधी विचारा, त्या नाही म्हणणार नाहीत. यादीतली नावं पुकारायला त्यांना माणूस हवाच असतो. तिथे बघायला खूप काही आहे. लसीच्या कुपीवर एक छोटं वर्तुळ असतं, त्यात चौकोन. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो; वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी बाद. गोवर-रुबेलाची लस एकदा कालवली की चार तासांनी उरलेली टाकून द्यायची, मग बाहेर एक बाळ यायचं राहिलेलं असलं तरी. आणि आशाताई त्या राहिलेल्या बाळाच्या घरी जातात तेव्हा त्यांच्यासोबत जा. "आज जरा अंग गरम आहे, पुढच्या खेपेला आणते," हे दारातलं वाक्य आणि त्यावर आशाताई काय बोलतात ते ऐका. संवादकौशल्य म्हणून जो विषय आम्ही कॉलेजात शिकवतो, तो त्या उंबऱ्यावर उभ्या उभ्या पार पाडतात.

शहरात असाल तर रक्तदान शिबिरात फॉर्म भरून घ्यायच्या टेबलावर बसा (स्वतः रक्त द्यायला १८ वर्षं पूर्ण आणि ४५ किलो वजन लागतं). रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा कोर्स करा. पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब किमान पाच सेंटिमीटर खोल, असं दोन मिनिटं सलग करून पाहा. घाम फुटतो. सिनेमात नायक हे काम एका हाताने करतो.

आमची कुणाशी ओळख नाही. विचारायचं कुणाला?

मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. डॉक्टर नव्हेत, बेवारस पेशंट, पैशाची अडचण, योजनेची कागदपत्रं, नातेवाइकांची समजूत, हे सगळं त्यांच्याकडे. बाहेरच्या लोकांना हे पदच माहीत नसतं. साध्या कागदावर अर्ज लिहा: नाव, कॉलेज, कोणते वार, किती ते किती. अठराच्या आत असाल तर पालकांची सही. आणि स्वतःहून एक ओळ टाका: 'पेशंटला हात लावणार नाही, फक्त मदत करीन.' या ओळीने समोरच्याचा निम्मा संशय जातो.

काम मिळेल ते साधंच असेल. एक्स-रे कुठे, केसपेपर कुठे, पिवळं रेशनकार्ड आणलंय का. करा. खेड्यातून आलेल्या माणसाला हॉस्पिटल आतून कसं दिसतं ते त्या रांगेतच कळतं.

खासगी दवाखान्यात जाणार असाल तर भर ओपीडीत जाऊन उभे राहू नका. दुपारी गर्दी ओसरल्यावर जा.

ओळखीचे डॉक्टर म्हणतात, ये, तुला इंजेक्शन द्यायला शिकवतो. शिकू का?

नको. अगदी काकांच्या मित्राचा दवाखाना असला तरी नको.

शिक्षण आणि नोंदणी नसताना उपचार करणं हा गुन्हा आहे ही एक बाजू. दुसरी माझ्या मते जास्त महत्त्वाची. सुई टोचणं दहा मिनिटांत येतं. कुठे टोचायची नाही, कुणाला द्यायचं नाही, दिल्यावर पेशंट पांढराफटक पडला तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे यायला वर्षं लागतात. दहा मिनिटांचं आधी शिकलेली मुलं कॉलेजात येतात तेव्हा त्यांचा हात चालतो आणि नजर थांबत नाही. त्यांना पुन्हा सावकाश करणं हा माझा डोक्याला ताप.

हात शिवशिवतच असतील तर श्वास मोजायला शिका. ऐकायला किरकोळ वाटतं. मनगट हातात घ्या, नाडी बघताय असं दाखवा, आणि नजर छातीकडे ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. सांगून मोजलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून हे नाटक. मोठ्या माणसाचे १२ ते २० असायला हवेत. बऱ्याच तक्त्यांवर तुम्हाला सगळ्या पेशंटच्या नावापुढे '१८' दिसेल. वॉर्डातली सगळी माणसं एकाच तालात श्वास घेत नसतात. कुणीतरी न मोजता लिहिलेलं असतं. आणि पेशंट बिघडायला लागला की पुष्कळदा आधी हलतो तो हाच आकडा.

कोणत्या कोर्सला किती प्रत्यक्ष काम असतं?

एमबीबीएसला साडेचार वर्षांनंतर एक वर्षाची फिरती इंटर्नशिप, त्यातले १२ आठवडे पीएसएमचे, म्हणजे समाजाच्या आरोग्याच्या विषयाचे. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच पेशंट दाखवतात आणि प्रत्येकाला तीन ते पाच कुटुंबं दत्तक देतात. बीएएमएस, बीएचएमएसलाही साडेचार अधिक एक. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आठवं सत्र इंटर्नशिपचं, पण वॉर्ड पहिल्या वर्षापासून असतो. बी.फार्मला सहाव्या सत्रानंतर किमान १५० तास कारखान्यात, हॉस्पिटलात किंवा औषध दुकानात. डी.फार्मला किमान ५०० तास, तीन महिन्यांपेक्षा कमी काळात उरकता येत नाहीत, आणि त्यातले किमान २५० प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्याचे.

कागदावर हे असं. कॉलेज निवडताना एकच विचारा: संलग्न हॉस्पिटलात आज सकाळी किती पेशंट ॲडमिट आहेत? प्रवेश कार्यालयात विचारू नका, वॉर्डात चक्कर मारा.

डी.फार्मचे ५०० तास 'सही करून देतो' म्हणणारे दुकानदार आहेत. सगळेच तसं करतात...

सगळेच करत नाहीत. पण करतात, हे खरं.

त्या ५०० तासांत काय बुडतं ते सांगते. डॉक्टरचं अक्षर वाचणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे सारख्या दिसणाऱ्या नावांपाशी थांबणं. हायड्रॉक्झिझिन खाजेवर, ॲलर्जीवर देतात, हायड्रॅलाझिन बीपीवर. घाईत एकाच्या जागी दुसरं गेलं तर? चिठ्ठीवर काय लिहिलंय हे पेशंटच्या तक्रारीशी ताडून बघायची सवय काउंटरवर उभं राहूनच लागते. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही, हे पुस्तकात असतं. लोडशेडिंगच्या दुपारी ते कसं सांभाळायचं, हे नसतं. एच-वन यादीतल्या (विक्रीवर जास्त कडक नियंत्रण असलेल्या) औषधांचं वेगळं रजिस्टर असतं, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग लिहावे लागतात आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. दुकानदाराला विचारून ते एकदा बघा.

शेवटी समोर एक आजी येतात, अर्धी कापलेली स्ट्रिप दाखवतात, "हीच दे." नाव कापलेल्या भागात गेलेलं. तिथे काय करायचं हे सही करून मिळत नाही.

पैसे भरून 'हॉस्पिटल इंटर्नशिप सर्टिफिकेट' मिळतं. घ्यावं का?

पैसे वाचवा.

वॉर्डात पहिल्या दिवशी काय न्यायचं?

सेकंदकाट्याचं घड्याळ. दोन पेनं, कारण एक डॉक्टर नेतात आणि परत देत नाहीत. खिशात मावेल अशी वही. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या घरी, केस बांधलेले. आणि खाऊन या. उपाशीपोटी पहिलं ड्रेसिंग बघायला उभी राहिलेली मुलं दरवर्षी खाली कोसळतात. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता जिथे असाल तिथे जमिनीवर बसा. बसलेल्या माणसाचं डोकं आपटत नाही. मी स्वतः पहिल्या प्रसूतीला भिंतीला टेकून बसले होते.

सिस्टर नुसती कामं सांगतात. बेड करा, सॅम्पल पोचवा. यात शिकायचं काय?

सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि यावर मी सगळ्यात जास्त बोलते.

बेड करणं घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दोघींनी मिळून कुशीवर वळवलंत की पाठ दिसते. दिवसभरात ती दुसरं कुणी बघणार नसतं. राउंडला डॉक्टर पुढून बघतात. माकडहाड बघा, टाचा बघा. लाल डाग असेल तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा झाला आणि परत लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे, लगेच सिस्टरना सांगा. दर दोन तासांनी कूस बदलली तर ते बऱ्याचदा तिथेच थांबतं, नाहीतर महिनाभर ड्रेसिंग. चादर ओली आहे का, कशाने? सलाइनची नळी अंगाखाली दाबली गेलीय का? जेवणाचं ताट तसंच का पडलंय? चादर बदलायला गेलेली मुलगी हे सगळं बघून येऊ शकते किंवा नुसती चादर बदलून येऊ शकते.

सॅम्पलचं माझंच सांगते. दुसऱ्या वर्षाला होते. इन्चार्ज सिस्टरनी एका आजोबांच्या रक्ताच्या ट्यूब हातात दिल्या, लॅब खाली होती, मी खुळखुळा वाजवत जावं तशी हलवत जिना उतरले. रक्तपेशी फुटल्या, पोटॅशियम खोटंच वाढलेलं आलं, ते खरंच वाढलं तर हृदयाला धोका, म्हणून डॉक्टर धावत वॉर्डात. ईसीजी काढला, तो नॉर्मल. मग आजोबांना पुन्हा टोचावं लागलं. शिरा आधीच सापडत नव्हत्या. "परत कशापायी गं पोरी?" म्हणाले. मी काही बोलले नाही, आणि सिस्टरही काही बोलल्या नाहीत, त्याचं जास्त लागलं. ट्यूब हलक्या हाताने काही वेळा उलटीपालटी करायची असते, हलवायची नसते. जांभळ्या झाकणाची सीबीसीला (रक्तपेशींच्या मोजणीला), करड्याची शुगरला, निळ्या झाकणाची रक्त गोठण्याच्या तपासणीला, आणि निळी खुणेपर्यंत भरलेलीच हवी. हे मला पुस्तकाने शिकवलं होतं. आजोबांमुळे लक्षात राहिलं.

आणि वॉर्डातल्या सफाईच्या मावशींशी नीट वागा. कोणत्या पिशवीत काय जातं हे त्यांच्याकडून शिका: पिवळीत रक्त-पू लागलेला कापूस आणि ड्रेसिंग, लाल पिशवीत सलाइनचे सेट, ग्लव्हज, कॅथेटर, पांढऱ्या टणक डब्यात सुया, निळ्यात काच. चुकीच्या पिशवीतली सुई तुम्हाला टोचत नाही, मावशींना टोचते.

आणि मला सुई टोचली तर?

वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, घाबरून लपवू तर अजिबात नका. तिथल्या तिथे सिस्टरना सांगा, पेशंट कोण होता ते नोंदवा. एचआयव्हीची शक्यता असेल तर प्रतिबंधक गोळ्या जमल्यास पहिल्या दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. मुलं 'ओरडा बसेल' म्हणून रात्रभर गप्प राहतात आणि तेच तास वाया जातात.

कावीळ ब ची लस मात्र वॉर्डात पाऊल ठेवण्याआधीच सुरू करा: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लसीने रक्तात तयार झालेल्या संरक्षणाचा आकडा तपासा. १० किंवा जास्त हवा. कॉलेजने सांगायची वाट बघू नका.

पेशंटशी काय बोलायचं तेच सुचत नाही.

बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. आणि ऐकायचं तर आधी भाषा यायला हवी. मराठी माध्यमातली मुलंसुद्धा इथे अडतात.

पेशंट 'पेन' म्हणत नाही. तो म्हणतो कळ येते, चमक निघते, ठणकतं, सलतं, भगभगतं, मुरडा येतो. हे सगळं एकच नव्हे. कळ येते आणि जाते. ठणका ठोके देत राहतो. चमक एका हालचालीला निघते. केसपेपरवर सगळ्याला 'पेन' लिहून टाकलंत की अर्धं निदान तिथेच सांडलं. "जीव घाबरतो" म्हणजे काळजी असेल, धडधड असेल, किंवा हार्ट अटॅकही असेल. पुढे विचारावंच लागतं. "अंगावरून जातं" म्हणणाऱ्या बाईला पांढरं की लाल हे हळू आवाजात, पडद्याआड विचारायचं, सासूला बाहेर पाठवून. "बारीक ताप", "तोंडाला चव नाही", "हातापायाला मुंग्या", "पोटात गोळा उठतो": तुमच्या भागातले असे शब्द वहीत लिहून ठेवा. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी पहिला गृहपाठ हाच देते.

"गोळ्या घेता ना?" असं विचारलं की "हो" येतं. "मागच्या आठवड्यात किती वेळा राहिली?" असं विचारलं की खरं येतं.

वॉर्डात फोटो, रील?

नाही. चेहरा झाकून, नाव पुसून, पाठमोरा, कसाही नाही. पेशंटने हो म्हटलं तरी नाही. पलंगावरच्या माणसाचा होकार पुरा होकार नसतो. कुणाला एचआयव्ही आहे हे सांगणं तर २०१७च्या कायद्याच्या विरुद्ध आहे. बसमध्ये मैत्रिणीला 'आजची केस' सांगणंही यातच आलं. तालुक्याच्या गावात मागच्या सीटवर पेशंटचा मेव्हणा असतो.

खेड्यात, आदिवासी भागात काम करायचंय. कुठे जाऊ?

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ला सुरू झालं ते याच विचाराने. तिथली प्रत्येक बॅच सुरुवातीलाच एखाद्या गावात जाऊन राहते आणि पुढे त्या गावाशी जोडलेली राहते. गडचिरोलीत 'सर्च' ही बंग दांपत्याची संस्था आहे. तरुणांसाठी त्यांचा 'निर्माण' हा उपक्रम २००६पासून चालतो आणि त्यात डॉक्टर नसलेलेही येतात. पुण्याची 'मैत्री' संस्था पावसाळ्यात मेळघाटात स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठवते, कारण कुपोषित मुलांना पावसाळा जड जातो. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७०मध्ये काम सुरू केलं; गावातल्या, फारशा न शिकलेल्या बायका आरोग्याचं केवढं काम करू शकतात, हे तिथून जगाने घेतलं.

जाण्याआधी एक विचार करा. चार दिवस जाऊन चाळीस फोटो घेऊन येणार असाल तर त्या लोकांच्या वेळेची किंमत वसूल होत नाही. निदान एक पावसाळा द्या. कोरकू किंवा गोंडी भाषेतली वीस वाक्यं शिकून जा. 'दुखतं कुठे' आणि 'जेवलात का' यांनी सुरुवात करा.

परदेशी शिकायला जायचंय. तिथे अनुभव मोजतात म्हणे?

अमेरिकेत मोजतात. तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जात कामं आणि उपक्रमांच्या १५ नोंदी करता येतात, त्यातल्या तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडून त्यांवर जास्त लिहायचं असतं. इथे वाढलेल्या मुलाने इथलंच लिहावं. भारतात पेशंटवर काय काय 'करू दिलं' हे फुशारकीने लिहिलंत तर उलटं बसतं; शिक्षणाशिवाय पेशंटला हात लावणं तिकडच्यांनाही खुपतं. आजोबांच्या गोळ्यांचा महिना लिहा. इथून एमबीबीएस करून जाणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. त्यांना तिथे काही महिने प्रत्यक्ष काम किंवा नुसतं निरीक्षण करावं लागतं, आणि त्या दोघांत पहिल्याला वजन जास्त.

लॉगबुकशिवाय आणखी काही लिहावं का?

लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची कॉलेजची नोंदवही, सहीसाठी असतं. स्वतःसाठी रोज तीन ओळी लिहा: आज काय पाहिलं, काय कळलं नाही, कुणाला विचारणार. नाव-पत्ता नको, 'खाट ७, बाई, साठीच्या' एवढं पुरे. तिसऱ्या ओळीसमोर उत्तर आलं की खूण करा. खुणा नसलेली पानं वाढत गेली तर तुम्ही विचारत नाही आहात.

डोळ्यांदेखत पेशंट गेला. आठवडा झाला, झोप येत नाही.

हा फोन रात्रीच येतो.

पहिला मृत्यू मला अजून आठवतो. गेलेल्या बाईंचं सगळं आवरेपर्यंत इन्चार्ज सिस्टर मला घेऊन तिथेच थांबल्या. डोळे मिटवले, हनुवटीखाली पट्टी बांधली, नळ्या काढल्या, कोमट पाण्याने अंग पुसलं, केस विंचरले. पुसताना त्या बाईंशी बोलत होत्या, "आता कुशीवर करते हं," जिवंत असल्यासारखं. मग मला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि घरी पाठवलं नाही, ड्यूटी पूर्ण करायला लावली. तेव्हा राग आला होता.

प्रत्येकीला अशी सिस्टर भेटेलच असं नाही. त्या दिवशी ड्यूटीवर तुमच्यासोबत जे कुणी होतं त्यांच्याशी आधी बोला; त्यांनी तेच पाहिलेलं असतं. "मी काही चुकले का?" हा प्रश्न मनात घोळत असेल तर टीचरना केसपेपर घेऊन बसवा आणि तासातासाने काय झालं ते बघा. झोप, जेवण तरीही परत येत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. कॉलेजला कळत नाही.